गोड चालीतला कडू पाठ

'ट्विंकल ट्विंकल लिट्ल स्टार' हे गाणे ठाऊक नसलेले मूल आज महाराष्ट्रातील शहरांत तर नाहीच, पण तालुक्याच्या गावीही सापडणे कठीण. बोबड्या बोलांत ते म्हणून दाखवणाऱ्या नातवाचे पाहुण्यांसमोर केवढे कौतुक होते! कौतुक करावे, त्याबद्दल तक्रार नाही. आकाशातील तारा कोणा एका देशाचा नसतो आणि त्याचे कुतूहलही कोणा एका धर्माचे नसते. परंतु हे गाणे जिने लिहिले, त्या जेन टेलरचे आणि तिची थोरली बहीण ॲन हिचे आणखी एक पुस्तक आहे, ते मात्र आपल्यापैकी फारसे कोणी पाहिलेले नाही. ताऱ्याचे गाणे १८०६ सालच्या संग्रहातले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८१० साली, या भगिनींनी 'हिम्स फॉर इन्फंट माइंड्स' म्हणजे बालमनांसाठी स्तोत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील एका स्तुतिगीतात एक इंग्रज मूल देवाचे आभार मानते. कशाबद्दल? आपण ख्रिस्ती काळात, सुखी इंग्रज बालक म्हणून जन्मलो याबद्दल. जिथे देव कोणाला ठाऊकच नाही आणि लाकडाच्या ठोकळ्यांपुढे नि दगडांपुढे निष्फळ प्रार्थना करायला मुलांना शिकवले जाते, अशा ठिकाणी इतर हजारोंप्रमाणे आपला जन्म झाला नाही याबद्दल.

ते लाकूड आणि तो दगड कोणता, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गीतात हिंदुस्थानचे नाव नसेल. पण पंढरीच्या विटेवरची काळी मूर्ती, जेजुरीचा भंडाऱ्याने माखलेला खंडोबा, पुरीचा लाकडी जगन्नाथ आणि तुमच्या-आमच्या देव्हाऱ्यातला शेंदूरचर्चित गणपती यांचा समावेश त्या यादीत झालेला आहे. ही यादी पाठ करणारे मूल पाच-सहा वर्षांचे होते. ते मोठे झाले, कंपनी सरकारच्या नोकरीत शिरले, जहाजात बसून मुंबई-कलकत्त्याला उतरले. कलेक्टर झाले, न्यायाधीश झाले, शाळा तपासनीस झाले. या देशात पाऊल ठेवण्यापूर्वीच या देशाविषयीचा त्याचा निकाल लागलेला होता, आणि तो कोणत्याही ग्रंथाने नव्हे, आईच्या मांडीवर म्हटलेल्या गाण्याने लावलेला होता.

रविवारच्या शाळेतील पाठ

ही एखाद-दुसऱ्या कवयित्रीची लहर होती, असे कोणी म्हणेल. तसे नव्हते. या परंपरेचा मूळ पुरुष आयझॅक वॉट्स. त्याने १७१५ साली मुलांसाठी सोप्या भाषेत ईशस्तुतीची गीते लिहिली. त्यातल्या एका गीतात मूल ब्रिटिश भूमीवर जन्म मिळाल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करते, तर दुसऱ्यात आपण 'हीदन' म्हणजे मूर्तिपूजक अथवा ज्यू म्हणून जन्मलो नाही हा योगायोग नसून ईश्वरी कृपा आहे, असे सांगते. हे पुस्तक अठराव्या शतकातले असले तरी एकोणिसाव्या शतकातही घरोघरी पाठ होत राहिले. १७८० साली ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्सने रविवारच्या शाळा सुरू केल्या. आठवडाभर गिरण्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या गरीब मुलांना रविवारी अक्षरओळख व धर्मशिक्षण द्यावे, हा त्याचा हेतू होता आणि तो प्रामाणिक होता, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. १८५१ सालच्या शिरगणतीच्या सुमारास इंग्लंड व वेल्समध्ये रविवारच्या शाळांत नावे असलेल्या मुलांची संख्या वीस लाखांच्या वर गेलेली होती. इतकी मुले दर आठवड्याला एका सुरात जे म्हणतात, त्याला 'केवळ गाणे' म्हणणे हा भाबडेपणा ठरेल.

प्रवचनाशी वाद घालता येतो. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केला आणि त्यांच्या एकेका आक्षेपाला उत्तर दिले. तो मुकाबला बरोबरीचा होता. प्रश्नाला प्रश्न आणि युक्तिवादाला युक्तिवाद. परंतु गाण्याशी वाद कोण घालणार? आणि पाच वर्षांचे मूल तर मुळीच घालणार नाही. त्याला चाल आवडते, ठेका आवडतो, सर्वांबरोबर गाण्यात मौज वाटते. अर्थ मागाहून कळतो, आणि कळतो तेव्हा तो शिकवलेला मत म्हणून नव्हे, तर स्वतःच्याच मनातला विश्वास म्हणून कळतो. बालस्तोत्राचे सामर्थ्य यात आहे, आणि धोकाही यातच आहे.

पै-पैशाचे जहाज

या गाण्यांचा परिणाम मनापुरता राहिला नाही. १८४४ साली लंडन मिशनरी सोसायटीने 'जॉन विल्यम्स' नावाचे जहाज दक्षिण समुद्रातील बेटांवर धर्मप्रसारासाठी पाठवले. ते विकत घेण्याचा पैसा इंग्लंडमधील मुलांनी जमवलेल्या नाण्यांतून उभा राहिला होता. त्याच वर्षी या संस्थेने मुलांसाठी स्वतंत्र मिशनरी मासिकही सुरू केले. आधी गाण्यातून दया जागवायची, मग दयेतून दानपेटी भरायची आणि दानपेटीतून जहाज उभे करायचे, असा हा सरळ हिशेब होता. ज्याची दया करायची, तो मात्र दयनीयच असला पाहिजे. तो शहाणा, सुसंस्कृत, स्वतःच्या परंपरेत समाधानी असा निघाला तर दानपेटीत नाणे पडणार कसे? यास्तव त्याचे चित्र काळ्या रंगानेच काढावे लागे.

स्वामी विवेकानंदांना १८९३-९४ साली अमेरिकेत याचा पदोपदी अनुभव आला. सर्वधर्मपरिषद गाजवून आलेल्या या संन्याशाला गावोगावी एकच प्रश्न विचारला जाई : हिंदू माता आपली अर्भके गंगेत मगरींपुढे टाकतात, हे खरे ना? हा प्रश्न विचारणारी माणसे अडाणी नव्हती. लहानपणी चित्रांतून आणि पद्यांतून त्यांनी तेच पाहिले व म्हटले होते. मुलांनी बालवयापासूनच मिशनसाठी नाणी द्यावीत म्हणून रविवारच्या शाळांत त्यांच्या मनात हिंदूंविषयी तिरस्कार पेरला जातो, अशी स्पष्ट तक्रार स्वामीजींनी केली.

या मगरीच्या कथेच्या मुळाशी काहीच नव्हते, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गंगासागर येथे नवस फेडण्यासाठी अपत्य जळात अर्पण करण्याची दुष्ट रूढी क्वचित आढळत होती. तिला शास्त्राधार नसल्याचे येथील पंडितांनीच सांगितले आणि १८०२ साली ती कायद्याने बंद झाली. ज्या रूढीचा नव्वद वर्षांपूर्वीच अंत झाला होता, ती एका राष्ट्राच्या समस्त मातांचा नित्याचार म्हणून चित्रांत आणि पद्यांत जिवंत ठेवण्यात आली. आमच्या समाजातील दोष आम्ही दडवू नयेत; पण मेलेल्या दोषाला गाण्यात अमर करण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला?

दयेच्या घरातला दगड

आता दुसरी बाजू पाहू. ही गीते परक्यांनाच हीन ठरवीत होती असे नाही. स्वतःच्या घरातील गरिबालाही ती त्याची जागा दाखवीत होती. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर ही आयर्लंडमधील विदुषी. तिचे 'हिम्स फॉर लिट्ल चिल्ड्रेन' हे पुस्तक १८४८ साली निघाले. ख्रिस्ती श्रद्धासूत्रातील एकेक वचन मुलांना उलगडून सांगावे म्हणून तिने ही गीते रचली. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा देव, या वचनासाठी तिने लिहिलेले गीत म्हणजे 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल'. फुले, पाखरे, डोंगर, नदी यांचे वर्णन करणारे हे गीत खरोखरच गोड आहे. परंतु मूळ गीतात एक कडवे असे आहे की, वाड्यातला श्रीमंत आणि त्याच्या फाटकाशी उभा असलेला गरीब, या दोघांचीही उच्च-नीच स्थिती देवानेच ठरवून दिलेली आहे, असे त्यात म्हटले आहे.

हे कोणत्या वर्षी आणि कोणत्या देशात छापले गेले, ते ध्यानात घ्यावे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ माजला होता. त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात त्या भूमीतून धान्य आणि गुरे इंग्लंडला रवाना होत होती. वाड्याच्या फाटकाशी उभा असलेला आयरिश माणूस ही कविकल्पना नव्हती, तो हाडांचा सापळा होता. आणि बालकाला शिकवले जात होते की, ही देवाचीच योजना.

बाईंच्या व्यक्तिगत सौजन्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुस्तकाचे उत्पन्न त्यांनी मूकबधिर मुलांच्या शाळेला दिले, हे नोंदवणे न्यायाचे होईल. किंबहुना प्रश्न नेमका येथेच आहे. दुष्ट माणसाने दुष्ट गाणे लिहिले तर त्याचा बंदोबस्त सोपा असतो. भल्या बाईने, भल्या हेतूने, गोड चालीत घालून दिलेला चुकीचा पाठ पिढ्यान् पिढ्या टिकतो.

आमच्या पुरोगामी मित्रांना येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. जन्माने माणसाचे स्थान ठरते, हा विचार हिंदू समाजाच्या माथी मारून दीडशे वर्षे आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. अस्पृश्यता हे पाप होते आणि आहे, हे आम्ही मानतो; त्याचे क्षालन हे आमचे कर्तव्य आहे. परंतु समतेचा संदेश घेऊन आम्ही येथे आलो आहोत, असे सांगणाऱ्यांच्या बालगीतात त्याच सुमारास कोणता उपदेश होता, याचा उल्लेख आपल्या एकाही व्याख्यानात कधी का होत नाही?

इंग्लंडने तपासले, आपण नाही

विशेष म्हणजे खुद्द इंग्लंडने आपली गीते तपासली. श्रीमंत-गरिबाचे ते कडवे पर्सी डिअर्मर या धर्मोपदेशकाने १९०६ सालच्या 'इंग्लिश हिम्नल'मधून गाळले. १९८२ साली लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने आपल्या शाळांत त्या कडव्यावर बंदी घातली. सुखी इंग्रज बालकाचे आभारगीत आज तेथेही संग्रहालयातच ठेवण्याच्या लायकीचे मानले जाते. रेजिनाल्ड हेबर या पुढे कलकत्त्याचा बिशप झालेल्या कवीने १८१९ साली लिहिलेले मिशनगीत घ्या. सिंहलद्वीपाचा निसर्ग सुंदर, पण तेथला माणूसच तेवढा नीच, असा त्याचा आशय. गांधीजींनी १९२५ साली कलकत्त्यात मिशनऱ्यांसमोरच त्या गीताविषयी खेद व्यक्त केला. पुढे अनेक पाश्चात्त्य स्तोत्रसंग्रहांतून ते गळाले.

इतकेच नव्हे. १८७० सालच्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमधील पालकाला असा हक्क दिला की, शाळेतील धार्मिक प्रार्थना वा शिक्षण यांतून त्याने आपल्या मुलाला बाजूला काढून घ्यावे आणि त्याबद्दल मुलाचे काही नुकसान होऊ नये. सरकारी मंडळांच्या शाळांत कोणत्याही एका पंथाचे विशिष्ट सूत्र शिकवण्यासही त्याच कायद्याने मज्जाव केला. एका ख्रिस्ती पंथाच्या मुलावर दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे स्तोत्र लादले जाऊ नये म्हणून इंग्लंड एवढे जपत होते!

आपल्याकडे हा प्रश्न त्याहूनही आधी उभा राहिला होता. १८४३ साली मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेतील श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाचे प्रकरण गाजले. थोरला भाऊ ख्रिस्ती झाला होता आणि धाकटाही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. न्यायालयाने मूल अज्ञान ठरवून पित्याच्या स्वाधीन केले. परंतु त्याला स्वधर्मात परत घेण्यास आमचेच कर्मठ तयार होईनात. तेव्हा 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले, समाजाचा रोष पत्करला आणि त्याची शुद्धी घडवून आणली. मूल पालकाचे आहे आणि पालकाने त्याला टाकता कामा नये, हे दोन्ही धडे त्या एका प्रकरणात आहेत. पहिला आपल्याला आवडतो, दुसरा आपण सोयीस्करपणे विसरतो.

संमती कोणाची?

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा प्रश्न निःसंदिग्ध शब्दांत सोडवलेला आहे. अनुच्छेद २८ चे तिसरे कलम सांगते की, राज्याने मान्यता दिलेल्या अथवा राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत जाणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला, तिची आणि ती अज्ञान असल्यास तिच्या पालकाची संमती असल्याखेरीज, धार्मिक शिक्षणात भाग घेणे किंवा उपासनेला उपस्थित राहणे भाग पाडता येणार नाही. संस्था अल्पसंख्याकांची असली तरी हे कलम तिला लागू आहे. आणि हिंदू संस्थेच्या शाळेतील ख्रिस्ती वा मुसलमान मुलालाही त्याचे तेवढेच संरक्षण आहे. तसेच असले पाहिजे. १९८५ साली केरळमधील एका ख्रिस्ती पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना परत घेण्यास सांगितले. ती मुले आदराने उभी राहत होती, एवढे न्यायालयाला पुरेसे वाटले. राष्ट्रगीताच्या बाबतीत एवढी सूक्ष्म दृष्टी जर ठेवली जाते, तर रोज सकाळी परधर्माचे स्तोत्र म्हणणाऱ्या हिंदू मुलाच्या सदसद्विवेकाचा विचार कोणी करायचा?

आणि इकडे काय चालले आहे? केंद्रीय विद्यालयांत असत्याकडून सत्याकडे आणि अंधारातून प्रकाशाकडे ने, अशी विनवणी करणारा बृहदारण्यकोपनिषदातील मंत्र म्हटला जातो, म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. २०१८ साली न्यायालयाने सरकारला नोटीस काढली आणि २०१९ साली प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आले. ज्या मंत्रात कोणा देवाचे नाव नाही, कोणा परक्याची निंदा नाही, आपणच तेवढे भाग्यवान असा अहंकार नाही, तो घटनाबाह्य ठरवण्यासाठी विद्वान मंडळी पुढे सरसावतात. हीच मंडळी खाजगी शाळांतील प्रार्थनापुस्तिका उघडून पाहण्याचे कष्ट मात्र घेत नाहीत. सेक्युलर चष्म्याची एक काच रंगीत आणि एक आंधळी असते, ती अशी.

टिळकांनी दाखवलेली वाट

हा लेख ख्रिस्ती बांधवांविरुद्ध आहे, असे कोणी समजू नये. त्यांनी आपल्या मुलांना आपली स्तोत्रे शिकवावीत. तो त्यांचा हक्क आहे. आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजानेच आपल्यासमोर एक थोर उदाहरण ठेवले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. परंतु धर्म बदलला म्हणून त्यांनी ज्ञानोबा-तुकोबांना सोडले नाही. विलायती चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी माणसाचे मन भिजत नाही, हे ओळखून त्यांनी अभंग आणि ओवीत ख्रिस्तभक्ती गायिली. बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची कविता मराठी मुलांनी आपली मानली, ती लिहिणाऱ्याचा धर्म न विचारता. १९१७ साली मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. धर्मांतराविषयी आमचा त्यांच्याशी मतभेद आहे आणि राहील. पण या मातीतील भक्तीला त्यांनी लाकूड-दगड म्हटले नाही. विलायतेहून आलेल्या बालस्तोत्राला याहून चोख उत्तर दुसरे नाही, आणि ते एका मराठी ख्रिस्ती कवीने दिलेले आहे!

आपल्या देव्हाऱ्यासमोर कोण बसते?

शेवटचा प्रश्न मात्र स्वतःला विचारावयाचा आहे. ही गीते आपल्या मुलांच्या ओठांवर केवळ मिशनऱ्यांनी आणली नाहीत. हिंदू संस्थाचालकांच्या इंग्रजी शाळांत 'कॉन्व्हेंटचे वळण' यावे म्हणून तीच गीते हौसेने उतरवून घेतली जातात. प्रवेशाच्या रांगेत पहाटेपासून उभे राहणारा पालक शुल्काचा आकडा दोनदा तपासतो, बसचा मार्ग विचारतो. मुलाला सकाळी काय म्हणायला लावणार, हे विचारत नाही. घटनेने त्याच्या हाती संमतीचा हक्क दिला आहे; तो त्याने कधी वापरलेलाच नाही. न वापरलेला हक्क आणि नसलेला हक्क यांत फरक तो काय?

समर्थांनी मनाचे श्लोक लिहिले, ते दोनशे पाच. भुजंगप्रयाताच्या चालीवर ते मुलाच्या जिभेवर सहज बसतात, आणि त्यांत कोणा परक्या मुलाची कीव नाही. उपदेश आहे तो स्वतःच्याच मनाला. विनोबांची 'गीताई' १९३२ पासून आपल्या हाती आहे. दिवेलागणीला हात जोडून म्हणावयाचे श्लोक आजीला पाठ आहेत. पण ती आजी दुसऱ्या शहरात असते, आणि दिवेलागणीच्या वेळी घरात दूरचित्रवाणी चालू असते. इंग्लंडने आपल्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकात प्रतिभावंत लेखणी लावली. आम्ही आमच्या मुलांसाठी गेल्या पन्नास वर्षांत किती नवी, सुबोध, चालीत बसणारी प्रार्थनागीते लिहिली? हा हिशेब मांडला तर मान खाली घालावी लागेल.

म्हणून तीन गोष्टी प्रत्येक घराने कराव्यात. येत्या जूनमध्ये शाळेची प्रार्थनापुस्तिका मागून घ्यावी आणि ओळीने वाचावी. एखादे गीत खटकले तर आरडाओरडा न करता, घटनेतील कलमाचा हवाला देऊन, मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे दूरचित्रवाणी बंद करून मुलाला मांडीवर घ्यावे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन व्यर्थ आहेत.

दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज मुलाने देवाचे आभार मानले होते, तुमच्या घरात जन्म न झाल्याबद्दल. त्या मुलावर रागावण्यात आता अर्थ नाही. त्याला तसे शिकवले गेले होते. तुमच्या घरात ज्या मुलाचा जन्म झाला आहे, त्याला त्याबद्दल आभार मानावेसे वाटावे असे तुम्ही काय शिकवता, एवढाच प्रश्न आता उरतो.